जुन्या गेम कंट्रोलरची साफसफाई आणि दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने कंट्रोलर उघडायला लागल्यापासून मला तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एक-दोन बटणं दाबूनही लागत नाहीत. कंट्रोलर गेला असं समजायचं का?

अजिबात नाही. बहुतेक जुन्या कंट्रोलरमध्ये बटणाखाली रबराचा पातळ पडदा असतो आणि त्याला खालच्या बाजूने कार्बनची काळी चकती लावलेली असते. बोर्डावर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवर, त्याच जागी दोन पट्टे असतात, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तसे. बटण दाबलं की चकती दोन्ही पट्ट्यांवर टेकते आणि जोड पूर्ण होतो. मध्ये घामाचा, धुळीचा किंवा सांडलेल्या गोड पेयाचा थर बसला की चकती टेकते, पण वीज जात नाही. "मेला" म्हणून माझ्या हाती आलेले बरेच कंट्रोलर एवढा थर पुसल्यावर चालू झाले आहेत. म्हणून आधी साफसफाई, मग मोजमाप, आणि सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने जोड करणं) सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की चांगले भागही हकनाक बदलले जातात.

२. उघडण्याआधीच बिघाड कुठे आहे हे ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, फक्त कंट्रोलर कोणता आहे हे माहीत हवं.

एनईएस हा निन्टेन्डोचा जुना कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र. त्याच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाची एक आयसी (चिप) आठही बटणांची स्थिती घेते आणि एकाच वायरीवरून ती एकामागून एक कन्सोलला पाठवते. त्यानंतरच्या एसएनईएसमध्येही हीच पद्धत आहे. त्यामुळे तिथे एकच बटण बंद असेल तर केबलवर संशय घेऊ नका. दोष रबरात किंवा बोर्डावर आहे. सगळी बटणं एकदम गेली, किंवा केबल हलवली की येतात-जातात, तर मात्र केबल (प्रश्न १४).

सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचा तीन बटणांचा कंट्रोलर निराळा. त्यात ए आणि बी ही बटणं एकाच वायरीवरून जातात, तर सी आणि स्टार्ट दुसऱ्या एका वायरीवरून. ए आणि बी दोन्ही एकत्र बंद पडली तर रबर साफ करत बसण्याआधी ती वायर तपासा. १९७७ च्या अटारी २६०० च्या जॉयस्टिकमध्ये तर प्रत्येक दिशेला स्वतंत्र वायर आहे, त्यामुळे तिथे एकच दिशा बंद असली तरी दोष केबलचा असू शकतो.

३. साहित्य काय काय लागतं?

योग्य स्क्रूड्रायव्हर (प्रश्न ४), ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, जुना मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण आणि स्क्रू ठेवायला लहान वाट्या. पुढे जायचं असेल तर एक साधा मल्टीमीटर (विजेची मोजमापं घ्यायचं यंत्र). सोल्डरिंगचं सामान गरज पडेल तेव्हाच घ्या.

अॅसिटोन आणि नेलपॉलिश काढायचा द्रव जवळही आणू नका. ही आवरणं बहुधा एबीएस प्लास्टिकची असतात आणि अॅसिटोन ते विरघळवतं. घरात गंज सोडवायला जे फवारे असतात तेही बटणांवर मारू नयेत. त्यांचा तेलकट थर आत राहतो, धूळ धरतो आणि रबर फुगवू शकतो.

४. कोणता स्क्रूड्रायव्हर? माझा बसतच नाही.

एनईएस, एसएनईएस, निन्टेन्डो ६४ आणि प्लेस्टेशनच्या कंट्रोलरना साधे फुलीचे स्क्रू असतात. गेमक्यूबला तीन पात्यांचा ट्राय-विंग लागतो. एक्सबॉक्स ३६० ला टी८ सिक्युरिटी टॉर्क्स, म्हणजे टोकाला मधोमध भोक असलेला तारा. साधा टी८ बसत नाही, कारण स्क्रूच्या मध्ये एक खुंटी असते.

सगळे स्क्रू काढूनही कंट्रोलर उघडत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिला आहे. एक्सबॉक्स ३६० मध्ये तो बॅटरीच्या कप्प्यातल्या लेबलखाली असतो. निन्टेन्डो ६४ मध्ये मेमरी कार्ड बसतं त्या खाचेच्या आत पाहा.

५. उघडल्यावर भाग पुन्हा नीट बसवता येतील का, याची भीती वाटते.

आवरण नेहमी बटणांची बाजू खाली ठेवून उघडा, म्हणजे बटणं जागेवर राहतात. प्रत्येक थर उचलण्याआधी फोटो काढा. केबल कुठल्या खुंट्यांमधून वळसा घेऊन जाते हे त्या फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे, कारण परत बसवताना बहुतेकांची चूक तिथेच होते. ट्रिगरच्या स्प्रिंगा उडतात, त्यामुळे खाली टॉवेल अंथरा.

बंद करतानाची एक सवय फार उपयोगी आहे. हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडतात. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. हाताला एक बारीकसा "टक्" जाणवतो, म्हणजे तो जुन्या आट्यात उतरला. मग सुलटा फिरवा. थेट कसला तर दर वेळी नवे आटे पडतात आणि काही खेपांनी भोकच निकामी होतं.

६. आवरण आणि बटणं पाण्यात धुतली तर चालतील का?

चालतील, पण बोर्ड, केबल, मोटर आणि स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) वेगळी केल्यावरच. कोमट पाण्यात साबणाचे काही थेंब टाकून आवरण, बटणं आणि रबराचे पडदे दहा-पंधरा मिनिटं भिजवा. ब्रशने आवरण घासा, पण रबर फक्त बोटांनी चोळा. दोन अर्ध्यांच्या सांध्यात जो काळपट मळ दाबून बसलेला असतो तो टूथपिकने खरवडून निघतो. धातूची सुई वापरली तर ओरखडा कायमचा राहतो.

मग पूर्ण एक दिवस सुकू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको, पातळ प्लास्टिक वाकतं.

छापील अक्षरांवर आणि लेबलांवर अल्कोहोल लावू नका, छपाई निघून येते. मेलामाइनचा पांढरा स्पंजही जपून वापरा. तो बारीक सँडपेपरसारखं काम करतो, त्यामुळे चमकदार भाग मंद होतो आणि खडबडीत भाग चकचकीत.

७. आतला बोर्ड आणि रबराच्या चकत्या कशा साफ करायच्या?

सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीला होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

बोर्डावरचे संपर्क दोन प्रकारचे असतात. काही सोनेरी किंवा चंदेरी धातूचे, काही काळे. काळा भाग म्हणजे तांब्यावर छापलेला कार्बनचा थर. तो मळ नाही. मी सुरुवातीला एका बोर्डावरचा हा थर मळ समजून बारीक सँडपेपरने घासला होता. दोन मिनिटांत खालचं तांबं लाल चमकायला लागलं आणि ते बटण कायमचं गेलं. तो बोर्ड मी अजून ठेवला आहे, आणि कोणी काळे पट्टे घासायची गोष्ट काढली की तोच दाखवतो.

कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून थोडी झटका, पट्ट्यांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा आणि कापूस तपकिरी झाला की काडी बदला. कापसावर काळा रंग यायला लागला तर थांबा, मळ संपून कार्बन निघतो आहे.

चकत्यांवर मी अल्कोहोल कमीत कमी वापरतो. साध्या कोऱ्या कागदावर चकती दोन-तीनदा हलकेच ओढली की वरचा चिकट थर कागदावर उतरतो. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

८. सगळं साफ केलं, तरी एक बटण फार जोरात दाबावं लागतं.

मग चकती झिजली आहे. खात्री करायला मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि त्याची दोन्ही टोकं चकतीवर साधारण दोन मिलिमीटर अंतरावर हलकेच टेकवा. नुसता एक आकडा पाहून फार काही कळत नाही, तुलना करा. प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक बटण असतं जे कोणी फारसं दाबत नाही, बहुधा सिलेक्ट. त्याच्या चकतीचा आकडा म्हणजे तुमच्या कंट्रोलरचा निरोगी आकडा. अडलेल्या बटणाचा आकडा त्याच्या कितीतरी पट असेल तर निदान पक्कं.

उपाय तीन. नवा रबराचा पडदा टाकणं सगळ्यात चांगलं. तो मिळत नसेल तर वीजवाहक कार्बन रंगाचा पातळ हात चकतीवर द्या आणि पूर्ण सुकू द्या. तिसरा, तात्पुरता, म्हणजे चकतीवर मऊ पेन्सिलचं ग्रॅफाइट घासणं. त्याने काही आठवडे निघतात, पण त्याची भुकटी बोर्डावर पसरली तर दोन शेजारची बटणं एकत्र लागू शकतात. आणि पडदा घडीजवळ फाटला असेल तर चकती कितीही चांगली असो, बटण वर येणार नाही. पडदाच बदला.

९. डी-पॅडवर डावीकडे दाबलं की कधीकधी वरही लागतं.

डी-पॅड म्हणजे चार दिशांचं फुलीसारखं बटण. त्याच्या मधोमध खाली एक टेकू असतो, ज्यावर तो झुलतो. टेकू झिजला की पूर्ण पॅड थोडा खाली बसतो आणि शेजारची चकतीही टेकते. आधी रबर जागेवर सरळ बसलं आहे का ते पाहा, कारण तिरकं बसलेलं रबर हुबेहूब हीच लक्षणं दाखवतं. रबर बरोबर असेल तर पॅड बदला. काही जण बोर्डावर संपर्काच्या कडेला चिकटपट्टी लावून चकतीचा टेकणारा भाग कमी करतात. त्याने काम होतं, पण पट्टी कणभर जास्त लागली तर तिरपी दिशा लागणंच बंद होतं.

१०. माझ्या प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरमध्ये रबराखाली बोर्ड नाही, पातळ फिल्म आहे. आणि न दाबताच बटणं लागतात!

प्लेस्टेशन २ आणि ३ च्या अनेक कंट्रोलरमध्ये संपर्क लवचिक प्लास्टिक फिल्मवर छापलेले असतात. फिल्मची शेपटी मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली नसते. स्पंजची एक छोटी पट्टी तिला बोर्डाच्या संपर्कांवर दाबून धरते. वर्षानुवर्षांच्या दाबाने हा स्पंज चपटा होतो, पकड सुटते आणि बटणं आपोआप लागतात किंवा मुळीच लागत नाहीत.

म्हणजे दोष बटणाखाली नाही, जोडाजवळ आहे. फिल्मचं टोक आणि बोर्डाचे संपर्क अल्कोहोलने पुसा आणि जुन्या स्पंजच्या जागी तेवढ्याच रुंदीचा नवा स्पंज लावा. नसेल तर जुन्या स्पंजवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्या. फिल्मला घडी घालू नका. एकदा घडी पडली की छापील रेषा तुटते, आणि ती सोल्डर होत नाही.

११. स्टिक सोडली तरी पात्र चालत राहतं. ड्रिफ्टवर उपाय आहे का?

आहे, पण कारण आधी शोधावं लागतं. सर्वसाधारण अॅनालॉग स्टिकमध्ये दोन पोटेन्शियोमीटर असतात. कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक बारीक जीभ सरकते आणि तिच्या जागेवरून कन्सोलला दिशा कळते. तिथे धूळ साचू शकते, पट्टी झिजू शकते किंवा स्टिक मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडू शकते.

कंट्रोलर संगणकाला जोडून स्टिकचे आकडे दाखवणारा एखादा टेस्टर उघडा. स्टिक उजवीकडून हळूच सोडा, आकडा पाहा. मग डावीकडून सोडा. दोन्ही वेळा ती वेगवेगळ्या ठिकाणी थांबली तर दोष स्प्रिंगचा, म्हणजे यांत्रिक. स्टिक एका जागी स्थिर धरूनही आकडा थरथरत राहिला तर पट्टी मळली आहे किंवा झिजली आहे.

मळ असेल तर प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पोटेन्शियोमीटरच्या फटीत थेंबभर सोडा आणि स्टिक चारही बाजूंना वीस-तीस वेळा फिरवा. झिजलेली पट्टी मात्र साफ करून भरून येत नाही. दोन दिवस बरं वाटतं, मग ड्रिफ्ट परत येतो. अशा वेळी प्रश्न १३.

एक साधी गोष्ट लोक विसरतात. निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूब चालू होताना स्टिक जिथे असेल तोच मध्य धरतात. तेव्हा अंगठा स्टिकवर असेल तर बिघाड नसतानाही ड्रिफ्ट दिसतो. निन्टेन्डो ६४ वर एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबा. गेमक्यूबवर एक्स, वाय आणि स्टार्ट तीन सेकंद धरा. मध्य नव्याने ठरतो.

१२. निन्टेन्डो ६४ ची स्टिक ढिली लोंबते. तीही याच पद्धतीने दुरुस्त होते का?

नाही, तिची रचनाच निराळी आहे. तिच्यात पोटेन्शियोमीटर नाहीत. खाचा असलेली दोन चाकं फिरतात आणि प्रकाशाच्या सेन्सरने खाचा मोजल्या जातात. मोजणी उत्तम, पण स्टिकचं टोक प्लास्टिकच्या वाटीत प्लास्टिकवरच घासतं. उघडली की आत पांढरी भुकटी दिसते. ती धूळ नाही, वाटीचंच झिजलेलं प्लास्टिक आहे.

भुकटी पुसून प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी कणभर लावलं की स्टिक गुळगुळीत फिरते. ढिलेपणा मात्र जात नाही, कारण गेलेलं प्लास्टिक परत येत नाही. त्यासाठी नवी वाटी आणि नवे गिअर बसवावे लागतात. पूर्ण नवी स्टिक घेणार असाल तर एक लक्षात घ्या. मूळ स्टिक पूर्ण ढकलली की सुमारे ८० चा आकडा देते. गेमक्यूबच्या धर्तीवर बनवलेल्या बऱ्याच पर्यायी स्टिक त्याहून मोठा आकडा देतात, म्हणून हळू चालायच्या जागी पात्र धावतं. मी शक्य तिथे मूळ यंत्रणाच वाचवतो. तिच्यातला बारीक ताबा पर्यायी स्टिकमध्ये मला अजून सापडलेला नाही.

१३. स्टिकचं मॉड्यूल बदलायचंच आहे. हॉल सेन्सरवालं घेऊ का?

हॉल सेन्सर चुंबकाची जागा मोजतो. घासणारी पट्टीच नसल्याने ती झिजण्याचा प्रश्न येत नाही. कल्पना नवी नाही, सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये असेच चुंबकीय सेन्सर होते. पण बदली मॉड्यूल बसवल्यावर मध्य जुळवावा लागतो, आणि तो जुळवायची सोय तुमच्या कंट्रोलरमध्ये आहे का हे घेण्याआधी पाहा. स्प्रिंगही कधीतरी थकतेच. ती बाब हॉलने सुटत नाही.

खरी कसोटी जुनं मॉड्यूल काढण्याची. त्याला चौदा जोड असतात: दोन पोटेन्शियोमीटरचे तीन-तीन, बटणाचे चार आणि पत्र्याच्या पायांचे चार. प्रत्येक जोडावर आधी थोडं नवं शिसंयुक्त सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य) घाला. जुन्या शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश सेल्सिअस लागतात, ६३/३७ चं (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ ला वितळतं, आणि मिश्रण झालं की शोषून घेणं सोपं जातं. पत्र्याचे पाय उष्णता खेचतात, त्यांना वेळ द्या. पाय सुटला नसताना मॉड्यूल ओढलं तर भोकातलं तांबं उपटून येतं. ज्यांनी कधी सोल्डरिंग केलेलं नाही त्यांनी हे पहिलं काम म्हणून घेऊ नये, एखाद्या भंगार बोर्डावर आधी हात बसवावा.

१४. केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच कंट्रोलर चालतो.

वायर तुटली आहे, आणि बहुधा केबल आवरणात शिरते तिथेच. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असेल तर आवाज देणारी सोय) ठेवून एक टोक प्लगच्या पिनला, दुसरं बोर्डावरच्या जोडाला लावा आणि केबल हलवा. आवाज तुटला की वायर सापडली. तुटक्या जागेपलीकडे चार-पाच सेंटीमीटर कापून वायरी नव्याने सोल्डर करा, आणि आतल्या खुंट्यांमधला वळसा जसाच्या तसा द्या. ओढ त्या वळशाने झेलायची असते, जोडांनी नव्हे.

बदली केबल लावताना रंगांवर विसंबू नका. नकली कंट्रोलरमध्ये त्याच रंगाची वायर वेगळ्याच पिनला गेलेली असते. पाच व्होल्ट आणि ग्राउंड उलटे झाले तर आयसी जाते. प्रत्येक वायर पिनपासून मोजून कागदावर लिहा.

१५. कंट्रोलर चिकट झाला आहे, पुसला तरी चिकटच.

तो मळ नाही. मऊ स्पर्शासाठी दिलेला रबरी लेप वयानुसार विघटित झाला आहे. अल्कोहोलने भिजवलेल्या कापडाने घासून तो पूर्ण काढून टाका. खालचं प्लास्टिक गुळगुळीत आणि चमकदार निघेल, मूळचा मंदपणा जाईल, आणि ते स्वीकारावं लागतं. पारदर्शक आवरणावर आधी आतल्या बाजूला थेंब लावून पाहा. काही प्लास्टिकला अल्कोहोलने बारीक तडे जातात.

१६. पिवळा पडलेला कंट्रोलर पुन्हा मूळ रंगाचा होतो का?

होतो, पण टिकेल याची हमी नाही. पिवळेपणा प्लास्टिकच्या आतला आहे, त्यामुळे साबणाने जात नाही. केस रंगवण्यासाठी मिळणारं १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवतात. ही पद्धत २००८ पासून जुन्या संगणकांच्या शौकिनांत पसरली. क्रीम कुठे सुकलं तर तिथे पांढरे पट्टे उमटतात आणि ते जात नाहीत. म्हणून तासातासाला भाग फिरवा, क्रीम पुन्हा पसरवा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, त्वचेवर लागलं तर भाजतं.

माझं मत विचाराल तर, खेळायच्या कंट्रोलरला हे करू नका. पिवळेपणाने बटण अडत नाही.

१७. बॅटरीच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी दिसते.

बुरशी नाही, सेल गळला आहे. अल्कलाइन सेलमधून गळणारं द्रव्य अल्कधर्मी असतं. पांढऱ्या व्हिनेगरचे दोन-चार थेंब काडीने लावले की ते निष्प्रभ होतं. मग अल्कोहोलने पुसा आणि सुकवा. स्प्रिंग पूर्ण खाल्ली गेली असेल तर बदला.

आत बसवलेली लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र काम तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. जोड हळूच काढून ती ई-कचऱ्यात द्या. फुगलेल्या बॅटरीवर कोणतीही दुरुस्ती नाही.

१८. कंपन बंद पडलं, किंवा नुसता खडखडाट होतो.

मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन असतं, त्याच्या फिरण्याने कंपन येतं. कंपन नसेल तर आधी मोटरच्या दोन बारीक वायरी पाहा, सोल्डरजवळ तुटलेल्या सापडतात. खडखडाट असेल तर मोटर आपल्या खोबणीतून निसटली आहे. प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक कंट्रोलरमध्ये दोन मोटरी लहान-मोठ्या असतात आणि मोठी डाव्या हाताला येते. अदलाबदल करू नका.

१९. दुरुस्तीनंतर बंद केला तर बटणं दाबलेलीच राहतात. उघडा असताना ठीक होतं!

स्क्रू फार आवळले आहेत किंवा केबल खुंटीवर चेपली आहे. सगळे स्क्रू अर्धा फेरा सैल करा. बटणं मोकळी झाली तर कारण सापडलं. नाही झाली तर पडदा उलटा बसला आहे का ते पाहा आणि उघडताना काढलेल्या फोटोशी (प्रश्न ५) ताडून बघा.

२०. हे सगळं करूनही नाही चालला तर?

मग आयसीवर संशय. एनईएसची ४०२१ ही सर्वसाधारण आयसी आहे, सुटी मिळते आणि बदलता येते. एसएनईएसची खास बनवलेली असल्याने ती दुसऱ्या कंट्रोलरमधूनच काढावी लागते. तरीही जुना टाकू नका. रबराचे पडदे, डी-पॅड, केबल, स्प्रिंगा आणि स्क्रू वेगळे करून पाकिटात ठेवा आणि पाकिटावर मॉडेल क्रमांक लिहा. मूळ रबर आणि मूळ डी-पॅड नव्याने बनत नाहीत, आणि माझे कितीतरी कंट्रोलर अशाच पाकिटांतल्या भागांवर चालू आहेत.